दही का लागत नाही? विरजणाचे अदृश्य शत्रू

ज्येष्ठांच्या ताटातील दह्याची वाटी ही केवळ जिभेची सवय नव्हे. दात उरले नसले तरी दहीभात सुखाने खाता येतो. ज्यांना दूध पचत नाही अशा अनेकांना दही सोसते, कारण दुधातील साखरेचा काही भाग विरजणातील जीवाणूंनी आधीच पचवून टाकलेला असतो. प्रथिने आणि कॅल्शियम त्यातून मिळतात. शाकाहारी वृद्धांना ब-१२ जीवनसत्त्व मिळण्याचे जे थोडे मार्ग आहेत, त्यांतही दूध-दह्याचा समावेश होतो. म्हणून ‘हल्ली दही नीट लागतच नाही’ ही तक्रार क्षुल्लक समजू नये. तिच्यामागे काय घडते आणि अशा वेळी घरातील वृद्धांना जपावे कसे, याचा विचार या वेळच्या लेखात करावयाचा आहे.

वर्धा जिल्ह्यातील वाचकांना गोरसाचे महत्त्व नव्याने सांगण्याची गरज नाही. गवळाऊ ही पांढऱ्या रंगाची, चपळ गोवंशाची जात याच भूमीची. जमनालाल बजाज यांनी आयुष्याच्या अखेरच्या पर्वात गोसेवेला वाहून घेतले. १९४१ साली वर्ध्यात गोसेवा संघाची स्थापना झाली आणि ११ फेब्रुवारी १९४२ रोजी जमनालालजी निवर्तले. वर्ध्याच्या गोरस भांडाराचा गोरसपाक आजही पाहुण्यांच्या हाती शिदोरी म्हणून दिला जातो. जेथे दुधाकडे सेवेच्या भावनेने पाहिले गेले, तेथे दुधाच्या भांड्याची स्वच्छता हीदेखील त्या सेवेचाच भाग मानली पाहिजे. तो भाग कसा पार पाडावा, हे समजण्यासाठी आधी विरजणाच्या आत डोकावू या.

दुधाचे दही होते ते जीवाणूंमुळे. लॅक्टोकॉकस, स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस, लॅक्टोबॅसिलस अशा नावांचे हे उपकारक जीवाणू दुधातील साखरेपासून लॅक्टिक आम्ल तयार करतात. आम्लता पुरेशी वाढली की दुधातील केसीन हे प्रथिन गोठते आणि दही घट्ट बसते. हे आम्ल दह्याला आंबटपणा देते आणि त्याचबरोबर अपायकारक जंतूंना वाढू देत नाही. शीतकपाट नव्हते त्या काळात उष्ण प्रदेशातील माणसाने दुधापेक्षा दह्याताकावर अधिक भरवसा ठेवला, त्याचे एक कारण या आम्लाच्या पहाऱ्यात आहे.

आता या पहारेकऱ्यांच्या शत्रूकडे वळू. जसे माणसांना विषाणूंचे आजार होतात, तसे जीवाणूंनाही होतात. जीवाणूंवरच जगणाऱ्या या विषाणूंना बॅक्टेरिओफाज, म्हणजे जीवाणुभक्षक विषाणू म्हणतात. १९१५ साली इंग्लंडमध्ये फ्रेडरिक ट्वॉर्ट यांनी आणि १९१७ साली पॅरिसमध्ये फेलिक्स द’हेरेल यांनी त्यांचा शोध लावला. त्याआधी १८९६ साली आपल्याच देशात अर्नेस्ट हँकिन यांनी गंगा-यमुनेच्या पाण्यात पटकीचे जंतू मारणारे काहीतरी असल्याचे नोंदवून ठेवले होते. दुग्धव्यवसायातील त्यांचा उपद्रव १९३५ साली न्यूझीलंडमध्ये व्हाइटहेड आणि कॉक्स या संशोधकांनी उघड केला. चीज करण्यासाठी लावलेले विरजण अचानक काम करीनासे होत असे, त्यामागे हे विषाणू होते.

येथे एक गोष्ट निःसंदिग्धपणे सांगितली पाहिजे. हे विषाणू माणसाच्या पेशींना ग्रासू शकत नाहीत. ते आपल्या पोटात गेले तरी आपल्याला त्यांच्यापासून आजार होत नाही. धोका निराळ्या वाटेने येतो, तो पुढे पाहू.

या विषाणूंचा वेग विलक्षण असतो. विषाणू आपल्या शेपटीने जीवाणूला चिकटतो, आपले जनुकद्रव्य आत सोडतो आणि त्या जीवाणूलाच स्वतःच्या प्रती घडविण्यास जुंपतो. साधारण तासाभरातच जीवाणू फुटतो आणि नवे विषाणू बाहेर पडतात. उदाहरणादाखल, प्रत्येक वेळी शंभर विषाणू बाहेर पडले असे धरू. एकाचे शंभर, शंभराचे दहा हजार, दहा हजारांचे दहा लाख, अशी मजल तीन फेऱ्यांत गाठली जाते. तेवढ्याच तीन पिढ्यांत एका जीवाणूचे मात्र आठच झालेले असतात. ही शर्यत सुरू झाल्यावर विरजणाची हार ठरलेलीच. दूध पातळच राहते, फार तर तळाशी थोडेसे फुटकळ गोठते.

दुग्धशाळांना याची धास्ती वाटण्याचे आणखी एक कारण आहे. दूध ६३ अंश सेल्सियसला ३० मिनिटे किंवा ७२ अंशाला १५ सेकंद तापविणे, या पाश्चरीकरणाच्या दोन प्रचलित पद्धती आहेत. त्यांत रोगजंतू मरतात, पण अनेक जीवाणुभक्षक विषाणू टिकून राहतात. कच्च्या दुधातून ते आत येतात. चक्क्याची किंवा चीजची जी निवळी निघते, तिच्यात त्यांची संख्या प्रचंड असू शकते. निवळीचे बारीक तुषार हवेतून उडून दुसऱ्या भांड्यात पडतात. म्हणूनच जाणते दुग्धव्यावसायिक निवळी हाताळण्याची जागा आणि विरजण तयार करण्याची जागा एकमेकींपासून दूर ठेवतात व विरजणाचे वाण आलटून पालटून वापरतात.

मग यावर उपाय कोणता? प्रश्न निर्जंतुकीकरणाचा आला की आपल्याला २०२० सालापासून घरोघरी शिरलेल्या हातावरच्या सॅनिटायझरची आठवण होते. येथेच अनेकांची गल्लत होते. करोना विषाणूभोवती स्निग्ध पदार्थाचे आवरण असते. अल्कोहोल किंवा साबण लागताच ते विरघळते आणि विषाणू निकामी होतो. दह्याच्या जीवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंना असे स्निग्ध आवरण नसते, त्यांचे कवच प्रथिनांचे असते. त्यामुळे अल्कोहोलचा त्यांच्यावरील परिणाम मंद आणि बेभरवशाचा ठरतो. हातासाठी जे योग्य, ते दह्याच्या भांड्यासाठी पुरेसे असेलच असे नाही.

दुग्धशाळांत या कामी पेरॲसिटिक आम्ल हे अधिक विश्वासाचे जंतुनाशक ठरले आहे. ते विषाणूंच्या प्रथिनांवर प्रखर घाव घालते आणि काम झाल्यावर ॲसिटिक आम्ल, पाणी व प्राणवायू यांत विघटित होते. सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे क्लोरीनचे द्रावणही पुरेशा तीव्रतेला उपयोगी पडते. पण भांड्यात दुधाचा अंश राहिला असेल, तर क्लोरीनची शक्ती त्या अंशाशी झुंजण्यातच खर्ची पडते आणि विषाणू सुखरूप राहतात. चतुर्थक अमोनियम वर्गातील जंतुनाशके जीवाणूंवर चांगली चालतात, विषाणूंवर त्यांचा परिणाम एकसारखा नसतो. शिवाय त्यांचा अंश भांड्याला चिकटून राहिला, तर तो विरजणालाच मारक ठरतो. दह्याचे रक्षण करण्यासाठी वापरलेले औषध दह्याच्याच मुळावर यावे, असा हा प्रकार.

म्हणून या विद्येचे पहिले सूत्र असे : आधी धुणे, मग निर्जंतुक करणे. दुग्धशाळेत प्रथम पाण्याने दूध वाहून जाऊ देतात. नंतर गरम अल्कलीने प्रथिने व स्निग्धांश काढतात. पुन्हा पाणी, मग आम्लाने दुधातील क्षारांचा पांढरट कडक थर सोडवतात, पुन्हा पाणी, आणि शेवटी जंतुनाशक. हा क्रम चुकला तर महागडे जंतुनाशकही वाया जाते. दुसरे सूत्र वेळेचे. द्रावण ओतले आणि लगेच पुसले, तर त्याला काम करण्यास अवसरच मिळत नाही. प्रत्येक द्रावणाच्या वेष्टनावर दिलेले प्रमाण आणि भांडे भिजत ठेवण्याचा कालावधी कसोशीने पाळला पाहिजे.

आपल्यापैकी ज्या भगिनी घरगुती दही-ताक विकतात किंवा बचतगटातून श्रीखंड-चक्क्याचे काम करतात, त्यांच्यासाठी थोडे गणित. पाच टक्के तीव्रतेचे सोडियम हायपोक्लोराइट असेल, तर एका लिटर पाण्यात ४ मिलिलिटर मिसळल्यास दर दहा लाख भागांत २०० भाग क्लोरीन असे द्रावण तयार होते. खाद्यपदार्थांच्या भांड्यांसाठी सामान्यतः १०० ते २०० भागांचे प्रमाण वापरले जाते. विषाणूंचे काही वाण याहून चिवट असतात, म्हणून केवळ द्रावणावर विसंबून न राहता घासण्याकडे आणि उष्णतेकडे अधिक लक्ष द्यावे. द्रावण रोज ताजे करावे, कारण ऊन व उष्णता यांनी क्लोरीन उडून जातो. सुगंधी किंवा रंगीत घरगुती ब्लीच भांड्यांना वापरू नये. आणि हे तर कधीच विसरू नये की क्लोरीनच्या द्रावणात व्हिनेगर, लिंबू किंवा संडास स्वच्छ करण्याचे आम्ल मिसळू नये. त्यातून निघणारा विषारी वायू दम्याच्या वा हृदयाच्या वृद्ध रुग्णाला घातक ठरू शकतो.

घरातील रोजच्या वाटीभर दह्यासाठी मात्र रसायनांची मुळीच गरज नाही. घरात याहून सोपे आणि जुने जंतुनाशक आहे, ते म्हणजे उकळते पाणी. पाश्चरीकरणात टिकणारे बहुतेक विषाणू उकळत्या पाण्यात दहा मिनिटांत निकामी होतात. दह्याचे स्टीलचे भांडे, झाकण आणि चमचा साबणाने घासून, साबणाचा अंश राहणार नाही इतके खळखळून धुवावे, आठवड्यातून एकदा पाण्यात दहा मिनिटे उकळावे आणि उन्हात वाळवावे. विदर्भाच्या उन्हाची आपण नेहमी तक्रार करतो, पण भांडी वाळविण्याच्या कामी ते आपले सोबती आहे. चक्क्याचे फडकेही असेच उकळून वाळवावे. मातीच्या मडक्यातील दही रुचकर खरे, पण मडक्याच्या छिद्रांत मुरलेला दुधाचा अंश घासून निघत नाही. मडक्यात एकदा दही बिघडले, तर ते मडके दह्याच्या कामातून बाद करावे.

विरजण घेण्याची रीतही महत्त्वाची आहे. दही लागताच, कोणाचाही जेवणाचा चमचा त्यात जाण्यापूर्वी, उद्याचे विरजण स्वच्छ कोरड्या वाटीत काढून झाकून थंड जागी ठेवावे. वर आलेली निवळी विरजण म्हणून वापरू नये. विषाणू असतील तर तेथे त्यांची गर्दी मोठी असते. महिन्या-दीड महिन्याने शेजाऱ्यांकडून किंवा दुकानातून नवे विरजण आणावे. दुग्धशाळा वाण बदलतात, त्याचेच हे घरगुती रूप आहे. पूर्वी आयाबाया एकमेकींकडे विरजण मागायला जात. त्यात शेजारधर्म होता आणि हे शहाणपणही आपोआप साधत होते.

तरीही दही लागले नाही, तर दोष नेहमी विषाणूंचाच असतो असे नाही. एक साधी परीक्षा करून पाहा. एकच दूध उकळून कोमट करा आणि दोन स्वच्छ वाट्यांत घ्या. एकीत नेहमीचे विरजण घाला, दुसरीत बाहेरून आणलेले नवे. नव्याने दही लागले आणि जुन्याने नाही, तर दोष विरजणात आहे. ते फेकून द्या, भांडी उकळा आणि नव्याने सुरुवात करा. दोन्ही वाट्या पातळच राहिल्या, तर संशय दुधावर किंवा तापमानावर घ्यावा. गाई-म्हशीच्या कासेला सूज आल्यावर प्रतिजैविक औषध दिले जाते. त्यानंतर ठरावीक दिवस ते दूध विकायचे नसते. तो नियम मोडला गेला, तर औषधाचा अंश विरजणातील जीवाणूंना मारतो, आणि उकळल्याने तो निघून जाईल असा भरवसा धरता येत नाही. अशा वेळी दूधवाल्याशी शांतपणे बोलावे. घरात पेनिसिलिनची ॲलर्जी असलेली व्यक्ती असेल, तर ही बाब विशेष गांभीर्याने घ्यावी.

तापमानाचेही असेच आहे. घरच्या विरजणातील अनेक जीवाणूंना साधारण ३० अंशांच्या आसपासची ऊब मानवते. मे महिन्यात वर्ध्याचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा स्वयंपाकघराच्या पत्र्याखाली ठेवलेल्या भांड्यात हे जीवाणू हैराण होतात. त्या दिवसांत भांडे पाण्याच्या परातीत, घरातील थंड कोपऱ्यात ठेवावे, आणि दही लागताच विनाविलंब शीतकपाटात हलवावे. डिसेंबरात उलट, भांड्याभोवती जाड कापड गुंडाळून ऊब राखावी.

आता मूळ धोक्याकडे येऊ. विरजण हरले म्हणजे आम्ल तयार झाले नाही. आम्ल नाही म्हणजे पहारा उठला. आपण दूध उकळले होते हे खरे, पण बॅसिलस सिरियस या जीवाणूची बीजुके उकळल्यानंतरही टिकतात. हाताच्या जखमेतून किंवा शिंकेतून स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू दुधात उतरू शकतो. कोमट दूध आठ-दहा तास तसेच राहिले, तर यांना मोकळे रान मिळते. त्यातही स्टॅफिलोकॉकसचे विष असे चिवट असते की पुन्हा उकळल्याने जंतू मरतात, विष मात्र उरते. चव किंवा वास बदललेला असेलच असेही नाही.

म्हणून या लेखातील सर्वांत महत्त्वाची विनंती अशी : रात्रभर ठेवूनही न लागलेले दूध खाऊ नका आणि घरातील वृद्धांना मुळीच देऊ नका. त्यात पुन्हा विरजण घालू नका. ते उकळून खीर करू नका, पीठ मळण्यासाठी वापरू नका. फेस आलेले किंवा उग्र वासाचे दहीही त्याच न्यायाने टाकून द्या. ही विनंती अनेक ज्येष्ठांच्या मनाला लागेल, हे आम्ही जाणतो. ज्या पिढीने दुष्काळ आणि टंचाई पाहिली, तिला अन्न टाकणे पाप वाटते, आणि ती भावना आदरणीयच आहे. कित्येकदा सुनेने टाकायला ठेवलेले दूध सासूबाई गुपचूप स्वतःच संपवितात, इतरांना त्रास नको म्हणून. काळजीवाहकांनी येथे रागावू नये. ‘आई, अर्धा लिटर दुधाची किंमत तुमच्या तब्येतीपुढे काही नाही’ हे वाक्य प्रेमाने म्हणावे, आणि दूध त्यांच्यासमोर न टाकता हळूच दूर करावे. दही रोज थोडेच लावावे, म्हणजे बिघडले तरी टाकताना जीव तुटत नाही.

यदाकदाचित असे काही खाण्यात आले आणि एक ते सहा तासांत मळमळ, उलट्या, पोटात कळा सुरू झाल्या, तर वृद्धांच्या बाबतीत वाट पाहण्यात वेळ दवडू नये. तरुणाच्या शरीराला पाण्याची जी घट सोसते, ती वृद्धाला सोसत नाही. रक्तदाबाच्या गोळ्या, विशेषतः लघवी वाढविणारी औषधे चालू असतील तर धोका वाढतो. ओआरएसची पुडी वेष्टनावर लिहिलेल्या मापाच्या स्वच्छ पाण्यात विरघळवून घोटघोट द्यावी. मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार असेल, तर किती द्यावे हे डॉक्टरांना विचारावे. लघवी कमी होणे, गुंगी येणे, असंबद्ध बोलणे, उभे राहताच तोल जाणे, यांपैकी एकही लक्षण दिसले तर ताबडतोब रुग्णालय गाठावे.

शेवटी, या विषाणूंनी माणसाला दिलेल्या एका देणगीचा उल्लेख करायला हवा. दह्यातील जीवाणू पूर्वी हल्ला केलेल्या विषाणूंच्या जनुकद्रव्याचे तुकडे स्वतःच्या जनुकांत जपून ठेवतात आणि तो शत्रू पुन्हा आला की त्याला ओळखून छाटतात. २००७ साली एका दुग्धविरजण कंपनीच्या शास्त्रज्ञांनी योगर्टमधील स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलस या जीवाणूवर प्रयोग करून हे सिद्ध केले. क्रिस्पर नावाने ओळखल्या जाणाऱ्या याच यंत्रणेवरून जनुकांत नेमका बदल करण्याचे तंत्र घडले, आणि २०२३ च्या अखेरीस ब्रिटन व अमेरिकेत सिकलसेलवरील त्या प्रकारच्या पहिल्या उपचाराला मान्यता मिळाली. सिकलसेलने विदर्भातील किती घरांत दुःख आणले आहे, हे येथील वाचकांना ठाऊक आहे. तो उपचार अजून फार महाग आहे, तरी त्याची एक वाट दह्याच्या भांड्यातून निघाली, हे लक्षात ठेवण्याजोगे आहे.

उद्या सकाळी दह्याचे भांडे उघडाल तेव्हा तीन गोष्टी पाहा : दही घट्ट लागले आहे का, वास स्वच्छ आंबट आहे का, आणि उद्याचे विरजण आधी काढून ठेवले आहे का. तिन्हींचे उत्तर होय असेल, तर आजी-आजोबांच्या ताटात ती वाटी निश्चिंत मनाने ठेवा.